सुपारीचं लग्न घेऊन कल्याण आणि ठाणे

आमची डोंबिवलीची बिल्डिंग पाडायची ठरली, आणि भाड्याच्या घरात काय न्यायचं यावर आई आणि मी महिनाभर वाद घालत होतो. फ्रीज न्यायचा, दिवाण नको, बाबांची पुस्तकं वाचनालयाला. सगळं एकेक करून मार्गी लागलं आणि गाडी अडली ती हॉलमधल्या काचेच्या कपाटातल्या लग्नापाशी.

हे लग्न सुपाऱ्यांचं आहे. आपल्याकडे लग्नात मुलीच्या बाजूने रुखवत मांडतात, त्यात पूर्वी घरी केलेल्या सुपारीच्या बाहुल्या असायच्या. माझ्या आईने बँकेची नोकरी सांभाळून असं अख्खं लग्न केलेलं. मोठ्या सुपारीचं धड, छोट्या सुपारीचं डोकं, बारीक तारेचे हात. अंतरपाट धरून दोन भटजी, लवंगांच्या पिपाण्या वाजवणारे वाजंत्रीवाले, जरीच्या तुकड्याचे फेटे बांधलेले मामालोक, कडेला रुसून बसलेली एक आत्या. आणि नवरी. तिला तारेचा चष्मा आहे, कारण मला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "अय्या, ही तर केतकीच!"

मी नुकती नोकरीला लागलेले तेव्हा आईने हे सुरू केलं. नवरदेव कोणी ठरलेला नव्हता, त्यामुळे त्याला नुसत्या मिशा आहेत. पुढे मी लग्न करायचं नाही असं ठरवलं. घरात थोडी रडारड झाली आणि मग तो विषय थांबला. कपाटातलं लग्न मात्र तसंच राहिलं.

"हे मी खोक्यात भरून माळ्यावर टाकणार नाही," आई म्हणाली. "बघणाऱ्या माणसांत जाऊ दे."

"म्हणजे कुठे?"

"ते तू शोध. दिवसभर मोबाइलवर असतेस."

शोधलं तर हस्तकला आणि चित्र-शिल्पवाल्यांसाठी काम करणाऱ्या दोन संस्था आमच्याच टापूत निघाल्या, एक कल्याणात आणि एक ठाण्यात. इतकी वर्षं इथे राहून मला याचा पत्ता नव्हता. शनिवार-रविवार धरला, पोळ्यांच्या मोठ्या डब्यात कापूस घालून वऱ्हाड बसवलं आणि आम्ही निघालो.

शनिवार : कल्याण

मानपाडा रोडवरून कल्याण-शीळ रस्ता पकडायचा मोह टाळा. तिथे मेट्रोच्या कामाने गाडी पहिल्या गिअरमधून बाहेर येत नाही. आम्ही ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याने पत्रीपुलाला लागलो आणि आरामात कल्याण पश्चिमेला पोचलो. गाडी काळा तलावाजवळ लावून पुढे चालत गेलो. आई डबा माझ्या हातात देईना. दर दहा पावलांवर थांबून झाकण किलकिलं करून बघायची.

संस्था एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. मुरबाड-शहापूरकडच्या कारागिरांचं काम इथे येतं: बांबूच्या टोपल्या, वारली चित्रं, गवताच्या चटया. संस्था त्यांना दुकान देते, शहरातल्या प्रदर्शनांत स्टॉल मिळवून देते आणि मालाची किंमत कशी लावायची हेही शिकवते. आत शिरल्याबरोबर ओल्या बांबूचा वास येतो. एवढ्या वासासाठीसुद्धा जावं अशी ती जागा आहे. घासाघीस चालत नाही, प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव असतं.

दुकान सांभाळणाऱ्या वैशालीताईंनी सगळं वऱ्हाड टेबलावर मांडू दिलं. खूप वेळ बघितलं. एकेक वाजंत्रीवाला उचलून हसल्या. मग म्हणाल्या, "काकू, काम फार सुंदर आहे. पण आमच्याकडे ज्यांचं पोट यावर आहे त्यांचंच काम घेतो. घरगुती हौसेचं नाही घेता येत. उद्या सगळ्या सोसायट्यांमधून डबे येतील हो, जागा कुठून आणू?"

"बरोबर आहे तुमचं," आई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता, पण वऱ्हाड परत डब्यात ठेवताना तिने मामांना आणि भटजींना उलटसुलट ठेवलं. असं ती कधी करत नाही.

शेजारी सतरंजीवर बसून मुरबाडच्या सखूबाई टोपली विणत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुणाच्या लग्नातलं हाये?"

"हिच्या," आईने माझ्याकडे बोट केलं. "पण ही नाही म्हणाली."

सखूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "चष्मा तर हिचाच लावलाय," त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की आईसुद्धा हसली. मला हसू येईना. मी भिंतीवरच्या चित्रांकडे वळले.

आईने त्यांच्याकडून एक टोपली घेतली. जेवायला आम्ही बाजारातल्या एका साध्या खानावळीत गेलो. दोन थाळ्या चारशेच्या आत झाल्या, आणि मटकीची उसळ घरच्यासारखी होती. ताक संपवताना आई एवढंच म्हणाली, "हौसेचं. वाईट शब्द नाहीये तो. पण त्यांनी तो जरा हळू आवाजात उच्चारला."

रविवार : ठाणे

ठाण्याला जायला आता माणकोलीचा पूल आहे. पूर्वेकडून ठाकुर्लीच्या पुलाने डोंबिवली पश्चिमेला उतरायचं, मोठागाव गाठायचं आणि थेट खाडीवर. आम्ही कडेने हळू गाडी नेली. ओहोटी होती. दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये चिखल चमकत होता, आणि एक होडी त्या चिखलात तिरकी बसलेली. पलीकडे नाशिक हायवे लागतो. तिथे गोदामांचे ट्रक असतात, तेवढं सांभाळा. माजिवड्याचा फ्लायओव्हर रविवारी सकाळी मोकळा मिळाला.

ही संस्था एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. पुढे आजच्या चित्रकार-शिल्पकारांची प्रदर्शनं भरतात आणि मागे कलाकारांना कामासाठी स्टुडिओ देतात, नाममात्र भाड्याने. प्रवेश फुकट. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "तिथे काही कळलं नाही तर घाबरू नकोस, मलाही कळत नाही."

झालं उलटं. प्रदर्शन घरांवर होतं. एका भिंतीवर पाडलेल्या इमारतींमधले कडी-कोयंडे बसवलेले आणि खाली लिहिलेलं, 'हात लावा'. आई एकेक कडी घालून, काढून बघत राहिली. एक कडी अडकत होती. "हिला वर उचलून लावावी लागत असणार," ती स्वतःशीच म्हणाली, आणि लागली. बराच वेळ तिथून हलेना. मला आमचं बाथरूमचं दार आठवलं, त्याची कडीही अशीच लागायची.

प्रदर्शन मांडणारा समीर नावाचा तिशीचा मुलगा आम्हाला भेटायला आला. मी फोनवर फोटो पाठवलेले. त्याने डब्यातून वऱ्हाड बाहेर येताना बघितलं आणि खरंच खूश झाला. मग त्याने विचारलं, हे कधी केलं, कोणासाठी, आणि मी सगळं सांगून टाकलं. लग्न न करण्याचंही.

"हे तर भारी आहे," तो म्हणाला. "काकू, आपण असं करूया? नवरी काढून ठेवू. तिची जागा रिकामी. बाकी सगळं वऱ्हाड तसंच, अंतरपाट धरलेला. आणि बाजूला केतकीची गोष्ट लिहू. लोक थांबतील बघा."

खरं सांगते, मला ते आवडलं. डोळ्यांसमोर आलंच ते. मी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "आणि माझी नवरी कुठे जाईल?"

"ती आपण नीट जपून ठेवू की."

"नाही रे बाळा," आई शांतपणे म्हणाली. "मी पहिली तिलाच केली. बाकीचे तिच्यासाठी आले."

समीर कोंडीत सापडला. "मग काकू, या प्रदर्शनात ते बसणार नाही. मी खोटं कशाला बोलू."

"खोटं बोलला नाहीस ते बरं केलंस," आई म्हणाली.

बाहेर आवारात एक बाक आहे. गेटवरच्या गाडीवर वडापाव छान मिळतो, बरोबर तळलेली मिरची. आम्ही खात बसलो, डबा आमच्या दोघींच्या मध्ये. मी म्हटलं, "तू हो म्हणाली असतीस तरी मला चाललं असतं."

"माहितीये. तुला रिकामी जागाच बरी वाटली असती."

मी मिरचीचं देठ मोडत बसले.

"केतू, तू नाही म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. नाही कशाला म्हणू? पण ते गेलं. तू मजेत होतीस, मला दिसत होतं. नंतर वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. तू त्या कपाटाकडे कधी बघायची नाहीस. पुसताना पण डोळे दुसरीकडे. मला वाटायचं, हिला वाटतंय मी हे हिला टोचायला ठेवलंय."

"मला तसंच वाटायचं," मी म्हटलं.

"तसं नव्हतं गं. मला ते चांगलं जमलं होतं, म्हणून ठेवलेलं. बँकेत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघितल्या. हे एक माझं होतं."

तिने डबा उघडून कापसातून नवरी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल. शालू, नथ, चष्मा, कपाळाला मुंडावळ्या. आणि खांद्यावरून तिरपा गेलेला काळा पट्टा, त्याला नखाएवढी पिशवी.

"हे काय?"

"तुझी ऑफिसची बॅग. तू तेव्हा कुठेही जाताना ती घेऊनच जायचीस. म्हटलं, लग्नात पण सोडणार नाही ही."

मला रडू आलं आणि हसूही. गाडीवाला "अजून एक देऊ का ताई?" म्हणाला, तर मी मानेनेच हो म्हटलं.

परत गाडीकडे जायला मागच्या बाजूने वाट आहे, स्टुडिओंसमोरून. एका दारात दोरीवर बोंबील वाळत घातलेले. जवळ गेलो तर मातीचे. आई थबकली. "खरेच वाटले मला!"

आतून चाळिशीची एक बाई हात पुसत आली. रेश्मा, कोलशेतच्या कोळी घरातली. तिची आई आणि आजी खाडीवर मासळी सुकवायच्या, ती आता मातीची मासळी करते. या शेडमध्ये जागा मिळाली नसती तर भट्टी कुठे लावली असती, असं ती स्वतःहून म्हणत होती. मग तिने डब्याकडे बघून विचारलं, "यात काय आहे?"

पुन्हा एकदा वऱ्हाड मांडलं गेलं. रेश्माने तिथल्या तिथे स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. "आये, यो बघ, सुपारीचा लगीन!" पलीकडून म्हाताऱ्या आवाजात काहीतरी मोठं हसण्यासारखं आलं. मग तिने रुसलेली आत्या उचलली. "काकू, सुपारी तर गोल. हिला रुसवलंत कसं?"

"मान जराशी तिरकी बसवायची. तोंड रंगवून रुसत नाही कोणी," आई म्हणाली. "सुपारी असेल तर दाखवते."

सुपारी नव्हती. रेश्माने मातीचा गोळा पुढे केला. आईने तो हातात घेऊन दोनदा दाबला, "हे मऊ आहे, माझं ऐकत नाहीये," म्हणाली, आणि बसली. रेश्मा तिला माती कशी ओली ठेवायची ते सांगत होती, आई तिला मान कशी कलवायची ते. मी एका स्टुलावर बसून होते. कोणाला माझी गरज नव्हती.

निघताना रेश्मा म्हणाली, "हे इथे ठेवाल? माझ्या खिडकीच्या फळीवर. दिवसभर कोणी ना कोणी येत असतं, बघतील. तुम्हाला पाहिजे तेव्हा घेऊन जा."

आईने फळी बघितली, ऊन किती येतं ते विचारलं, आणि वऱ्हाड स्वतः मांडलं. आत्या कडेला, नवरी मध्ये. रेश्माने आईचं नाव विचारून खाली खडूने लिहिलं : 'लग्न. करणारी : शुभदा.' आईने ते वाचलं आणि चष्मा पुसायला लागली.

घरी

येताना पुलावर भरती होती, होडी सरळ झालेली. आई रिकामा डबा मांडीवर घेऊन झोपली होती.

जायचं असेल तर दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, पण करू नका. कल्याणला सकाळी जा, तेव्हा विणणारी माणसं कामावर असतात. ठाण्याला मागचे स्टुडिओ बघितल्याशिवाय परत येऊ नका, दारं उघडी असतात, नुसतं "येऊ का?" विचारायचं. पेट्रोल, जेवण, टोपली धरून आमचा खर्च चांगल्या हॉटेलातल्या दोघींच्या एका जेवणाएवढा झाला.

आणि सोबत काय आलं? मी या दोन संस्थांना आईचं काम सोपवायला गेले होते. एकीने नियम दाखवला, दुसरीने आईची नवरी बाजूला काढायला सांगितली, आणि दोघीही आपापल्या जागी चुकीच्या नव्हत्या. त्यांच्या छपराखाली मात्र आम्हाला सखूबाई भेटल्या, रेश्मा भेटली. भाड्याच्या घरात आलो तेव्हा मी आईला विचारलं, काचेच्या कपाटात आता काय ठेवूया. ती म्हणाली, कपाट विकून टाक, जागा अडवतं.

पुढच्या रविवारी ती एकटीच कॅब करून ठाण्याला गेली. मला बरोबर घ्यायला तयार नव्हती. दुपारी मी काळजीने फोन लावला, पोचलीस का, जेवलीस का, परत कधी निघतेस.

"केतकी, ठेव फोन," ती म्हणाली. "हात मातीत आहेत."