चाकावरची सळई

वीज गेल्यावरही जालन्यातल्या आमच्या रोलिंग मिलमधले, लोखंड लाटून सळई करणारे रोल काही क्षण फिरत राहत. मोटर आणि रोल यांच्या मधोमध माणसाहून उंच असे बिडाचे एक जड चाक बसवलेले होते. वीज असताना ते वेग साठवून घेई आणि वीज दगा देई तेव्हा तोच वेग रोलना पुरवी. रोलमध्ये सापडलेली तांबडीलाल सळई तेवढ्या अवधीत पलीकडे निघून जावी, यासाठीच ते होते. सळई मध्येच थांबून गार झाली, तर रोल फुटण्याची भीती असे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वीज वारंवार जाऊ लागली आणि भट्टीपुढच्या माणसांनी त्यातून एक खेळ काढला. वीज गेली, की चाकाच्या उरल्यासुरल्या जोरावर लोखंडाचा नवा तापलेला तुकडा रोलमध्ये घालायचा आणि पुरती सळई पलीकडे काढून दाखवायची. तिला ते ‘चाकावरची सळई’ म्हणत. या खेळात माझ्या वडिलांच्या तोडीचा कोणी नव्हता.

मी, आमच्या वस्तीतला पहिला डिप्लोमाधारक, त्याच मिलमध्ये सुपरवायझर झालो होतो. पाळीची जबाबदारी माझी आणि चिमटा धरून भट्टीपुढे उभे वडील. एकदा जेवताना मी चाचरत म्हणालो, “बाबा, ते चाक अडकलेला माल काढण्यासाठी आहे. त्याच्यावर नवा घालू नये.”

“तुह्या पुस्तकातलं चाक अलग असंल,” ते हसले. “आमचं बराबर ओढतं.”

त्यानंतर वीज गेली, की माझी नजर त्यांच्या पायांवर खिळे.

त्या उन्हाळ्यात विजेचा दाब इतका खालावला, की मोटर चाकाला पुरता वेग देईना. चाक फिरताना दिसे, पण त्यात पूर्वीचा जोर नसे. एका दुपारी वीज गेली आणि वडिलांच्या जोडीदाराने तुकडा आत सारला. तो अर्धा ओढला गेला, रोल गचकन थांबले आणि चाक आणि रोल यांच्यामधली बिडाची जोडणी फुटली. तिची कपची त्याच्या पिंढरीत घुसली.

मिल पुन्हा सुरू झाली त्याच दिवशी वीज परत गेली. वडिलांनी भट्टीतून तुकडा उचलला.

“होऊ द्या काका!” कुणीतरी ओरडले.

“बाबा, ठेवा तो.”

“पोरगं भ्यालं ना काका तुमचं!” सगळे हसले.

वडील रोलकडे सरकले. “सरक बाजूला. चाक थंड होऊन राह्यलं.”

मी त्यांच्या आणि रोलच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. तुकड्याची धग तोंडावर येत होती.

“हुकूम हाय का?” त्यांनी विचारले.

“हुकूम आहे.” माझा आवाज फाटला.

त्यांनी तुकडा भट्टीत परत टाकला. हसणे कधीच थांबले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी न थांबता एकटेच मिलवर गेले. वीज गेली तेव्हा त्यांनी कुणी सांगण्याआधीच चिमटा खाली ठेवला आणि चाकाची घरघर पुरती विरेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. तेवढ्यावर मी समाधान मानायला हवे होते.