एक जास्तीचा ‘चा’

“शून्य नोंदी,” संगणकाने सांगितलं.

काउंटरच्या पलीकडे कौसल्याबाई उभ्या होत्या. वय साठीच्या पुढे, हातात नायलॉनची पिशवी. एकोडीच्या पलीकडच्या एका गावातून त्या सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला आल्या होत्या. त्यांना एक पुस्तक पाहिजे होतं आणि ते गुरुवारच्या आत पाहिजे होतं. त्या दिवशी मंगळवार होता.

“मामा तलावाचं पुस्तक हाय ना, बाई? आमच्या गावच्या मास्तरनं सांगतलं, भंडाऱ्याच्या वाचनालयात हाय म्हणून.”

मी पुन्हा टाइप केलं. मामा तलाव. शून्य. माजी मालगुजारी तलाव. शून्य. नुसतं मामा टाकलं तर मामाच्या गावाच्या गोष्टींची भलीमोठी यादी आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालगुजार म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणारा. त्या काळात आमच्या भागात गावोगावी तलाव बांधले गेले. मालगुजारी गेली, तलाव राहिले. ‘माजी’चा मा आणि ‘मालगुजारी’चा मा घेऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. सरकारी कागदांवरही तसंच लिहितात. यात कुणाच्या आईच्या भावाचा काही संबंध नाही.

कौसल्याबाईंच्या गावातला तलाव मोठा होता. तलाव आहे हे कुणी नाकारत नव्हतं. तो कुठपर्यंत आहे यावर भांडण होतं. रस्त्याच्या बाजूचा भाग काही वर्षं कोरडा पडला, तेव्हा एका बाहेरच्या माणसाने अर्ज केला की ही जागा तलावाची नाहीच, इथे प्लॉट पाडू द्या. गुरुवारी साकोलीला तहसीलमध्ये सुनावणी होती. जुना नकाशा मागितला तर दप्तरात शोध सुरू आहे, असं उत्तर मिळालं. तुमच्याकडे काही जुना छापील पुरावा असेल तर आणा, असंही सांगितलं.

“तितलं बुजवलं त पाणी कुठं थांबन?” कौसल्याबाई म्हणाल्या. “माह्या दोन बांध्या तलावाच्या खाली हायेत. पाणी नाही त धान नाही. मंग मी कायले राहू गावात?”

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं, म्हणजे भाताचं, वावर. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, मीही साकोली तालुक्यातलीच. पुस्तक आमच्याकडे होतं हेही मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याचं कार्ड मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

मी या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा संगणक नव्हता. लाकडी कपाटात लांब लांब ड्रॉवर, त्यांत कार्डं. प्रत्येक पुस्तकाची किमान तीन कार्डं: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. कुणी कोणत्याही दाराने आलं तरी पुस्तकापर्यंत पोचलं पाहिजे. शिवाय ‘पाहा’ असं लिहिलेली कार्डं असत. सिंचन शोधणाऱ्याला ‘पाहा : तलाव’. नागपूरला शिकवणारे आमचे सर म्हणायचे, कार्ड लिहिताना डोळ्यांसमोर पुस्तक ठेवू नका, विचारायला येणारा माणूस ठेवा. मी हसायचे तेव्हा. तो माणूस कोण, हे नोकरीला लागल्यावर कळलं.

आता याच कामाला मेटाडेटा म्हणतात. म्हणजे पुस्तकाबद्दलची माहिती. ते पुस्तकाचं रेशनकार्ड समजा. कार्डावर नाव चुकलं की माणूस जिवंत असूनही धान्य मिळत नाही.

कार्डांचं कपाट जिन्याखाली ढकललं होतं. मी खुर्ची सरकवून ते उघडलं. विषय तलाव, म्हणून ‘त’चा ड्रॉवर ओढला; तो अडकला, त्याला लाथ घातली. कार्ड सापडलं. ‘मामा तलाव : गाववार माहिती व नकाशे.’ अक्षर माझंच, तेव्हाचं बरं. वरच्या कोपऱ्यात दाखल क्रमांक. पुस्तक वाचनालयात आलं की रजिस्टरात त्याला जो नंबर मिळतो तो हा. पुस्तक संपेपर्यंत तो बदलत नाही.

मी तो नंबर संगणकात टाकला. ताबडतोब पुस्तक आलं.

नाव : मामाचा तलाव. विषय : बालवाङ्मय. शेरा : निर्लेखित.

निर्लेखन म्हणजे जुनी, फाटकी, कुणी न नेलेली पुस्तकं दप्तरातून कमी करणं. ती रद्दीत जातात. आमच्या कार्डांवरून संगणकात नोंदी करायचं काम कार्यवाह निखाडेसाहेबांनी बाहेरच्या शहरातल्या एका एजन्सीला दिलं होतं. तिथे कुणाला तरी ‘मामा तलाव’ हे व्याकरण चुकलेलं वाटलं असणार. त्याने मध्ये ‘चा’ घालून ते दुरुस्त केलं. दुरुस्त केल्यावर ती लहान मुलांची गोष्ट झाली. लहान मुलांची फाटकी गोष्ट दहा वर्षांत कुणी नेली नाही, म्हणून ती निर्लेखनाच्या यादीत गेली.

त्या यादीवर सही माझी होती. हे लपवून मला काही मिळणार नाही. सोळा पानं होती, मी पहिलं आणि शेवटचं वाचलं. नव्या सॉफ्टवेअरसमोर मी अडाणी ठरेन अशी भीती वाटत होती, म्हणून काही न विचारता सही ठोकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि स्वतःच्या सहीखालचं वाचलं नाही.

व्हरांड्यात नऊ पोती बांधून ठेवलेली होती. रद्दीवाला दुपारी येणार होता.

“भाऊराव, पोती सोडा,” मी शिपायाला म्हटलं.

“साहेबायनं बांधाले सांगतलं, मॅडम. सोडाले नाही सांगतलं.”

“मी सांगते आहे.”

भाऊराव साहेबांना फोन लावू लागले. तोवर कौसल्याबाई व्हरांड्यात फतकल मारून बसल्या आणि पहिल्या पोत्याच्या सुतळीची गाठ सोडू लागल्या. धानाची पोती बांधण्यात जन्म गेलेला, त्यांच्यापुढे रद्दीच्या गाठीचं काय चालणार! पोती सुटत गेली तशी मी एकेक पुस्तक यादीशी ताडून पाहत गेले आणि माझं डोकं फिरलं. ‘धानाचे पऱ्हे’ या पुस्तिकेचं यादीत ‘धानाच्या पऱ्या’ झालं होतं. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी टाकलेली धानाची रोपं. ती परीकथांमध्ये जाऊन बसली होती. बोडी म्हणजे लहान तळं, तर ‘बोडीची दुरुस्ती’ हे ‘होडीची दुरुस्ती’ होऊन वाहनांत गेलं होतं.

मी कौसल्याबाईंना पऱ्यांचं सांगितलं.

“माय वो!” त्या हसायला लागल्या. “अन् रोवना कोन करन? त्याच पऱ्या?”

मला हसू आलं नाही. आमचं सगळं बोलणं कुणीतरी लाल पेनाने सुधारून टाकलं होतं आणि मी खाली सही केली होती.

पाचव्या पोत्यात पुस्तक सापडलं. पुठ्ठा गेलेला, पण नकाशे शाबूत. कौसल्याबाईंच्या गावाचं पान होतं. तलावाची पार, म्हणजे त्याचा बांध, कुठून कुठे जाते ते काढलेलं. रस्त्याच्या बाजूला एक मोहाचं झाड दाखवलेलं आणि तिथपर्यंत पाण्याची रेघ.

“हे मोव अजून उभं हाय,” त्या म्हणाल्या आणि त्या झाडावर बोट ठेवून बसून राहिल्या.

तेवढ्यात कार्यवाह निखाडेसाहेब आले. बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. वाचनालयाचं छत त्यांनीच खटपट करून दुरुस्त केलं. पण पुढच्या आठवड्यात तपासणी होती, वाचनालयाचा दर्जा वाढायचा होता, आणि त्यांना मोकळी कपाटं अन् शंभर टक्के संगणकीकरण दाखवायचं होतं.

“लांजेवारबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?”

“चुकीच्या नोंदी झाल्या आहेत, साहेब. ही पुस्तकं जाणार नाहीत.”

“यादी समितीत मंजूर झाली. खाली तुमचीच सही हाय. आता ते वाचनालयाचं पुस्तकच नाही, त तुम्ही या बाईले देता कसे?”

ते खरं होतं. मी आत गेले, निर्लेखनाची फाइल आणली, सोळाही पानांवरच्या माझ्या सहीवर त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : न वाचता केलेली सही, रद्द. तारीख घातली आणि खाली नव्याने सही केली. ती मात्र वाचून केली.

“सरकारी तपासणीच्या कागदावर खाडाखोड!” साहेबांचा आवाज चढला. “मी मेमो देईन तुम्हाले.”

“द्या. त्यालाही दाखल क्रमांक देऊन ठेवते.”

“अन् तपासणीले बाहेरचे लोक येतील. पऱ्हे, बोडी, मामा हे खेड्यातले शब्द पाहून काय म्हणतील ते? हसतील आपल्याले! एजन्सीनं शुद्ध करून दिलं त त्याच्यात बिघडलं काय?”

तिथे माझा संयम संपला. मीही मग पुस्तकी मराठी सोडून दिली.

“साहेब, तुमच्या दुकानात बाई आली अन् म्हणाली, मले एक चांगला गुंड दाखवा. तुम्ही काय करता?”

“काय करतो म्हणजे? दाखवतो.”

“पोलीस ठाण्यात नाही धाडत तिले?”

भाऊरावांनी तोंड फिरवलं. आमच्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळेचं भांडं. साहेबांच्या दुकानात दर्शनी फळीवर गुंडांची रांग असते.

“उद्या या एजन्सीवाल्याले तुमच्या दुकानात बसवा,” मी म्हटलं. “तो सगळे गुंड गुन्हेगारीच्या फळीवर ठेवन. शुद्ध मराठीत तेच बरोबर हाय. मंग गिऱ्हाईक येईन, गुंड मागन, अन् तो सांगन, शून्य नोंदी.”

साहेबांनी पोत्यातली एक पुस्तिका उचलली, पाहिली, खाली ठेवली. मग म्हणाले, “मेमो त मी देणारच.” आणि गेले. रद्दीवाल्याला मात्र त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं.

संदर्भाचं पुस्तक आम्ही बाहेर देत नाही. मी त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर दाखल क्रमांक लिहिला, वाचनालयाचा शिक्का मारला आणि ‘मूळ प्रत वाचनालयात उपलब्ध’ असं लिहून सही केली. कौसल्याबाईंनी कागद पदरात घेतले, मग पिशवीत ठेवले, मग परत काढून पाहिले. त्यांना दुपारची साकोली गाडी मिळाली.

संध्याकाळी मी एजन्सीला फोन लावला. तरतरीत आवाजाची एक मुलगी बोलली. “मॅडम, आम्हाला सूचना आहे, शीर्षकं प्रमाण मराठीत आणायची.”

“शीर्षक पुस्तकावर असेल तसं उतरवायचं असतं. कॅटलॉगिंगचा पहिला धडा आहे तो. चुकलेलं असलं तरी तसंच उतरवायचं आणि दुरुस्ती वेगळी दाखवायची. सूचना कुणाची?”

“वरून आलीय. पण मॅडम, पऱ्हे म्हणजे नक्की काय? आम्ही इथे फार शोधलं. सापडलं नाही म्हणून...”

“म्हणून परी केली.”

“सॉरी, मॅडम.”

तिने विचारलं, हे तिचं मोठेपण. मी तर जन्मभर पऱ्हे पाहिलेले आणि तरी सही केली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं.

नऊ पोत्यांतलं एकेक पुस्तक मी पुन्हा तपासलं. त्यातलं बरंचसं खरंच रद्दी होतं, ते रद्दीत गेलं. उरलेल्याला जागा दिली. विषयाच्या रकान्यात मी मामा तलाव, बोडी, बांधी, पऱ्हे, रोवणा असे शब्द ठेवले आणि शहरी वाचकासाठी ‘पाहा’ नोंदी केल्या. ‘लघुसिंचन. पाहा : मामा तलाव.’ ज्याला लघुसिंचन पाहिजे त्याने आमच्या शब्दापर्यंत चालत यावं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते पाहिलं, एकाने पऱ्हे म्हणजे काय ते विचारलं. हसलं कुणी नाही. दर्जा वाढला की नाही ते अजून कळायचं आहे.

मेमो तपासणीच्या आधीच, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आला. मी त्याला क्रमांक दिला आणि फाइलला लावला. तो देऊन साहेब निघाले ते दारातून परत फिरले.

“बाई, भांड्यायवरचं एक जुनं पुस्तक हाय आपल्याकडे. त्याच्यात ‘गुंड’ टाकलं का तुम्ही?”

“टाकलं.”

“कायच्या खाली?”

“पितळी भांडी.”

“हां. मंग ठीक हाय,” म्हणून ते गेले.

कौसल्याबाई पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला कुणाच्या तरी लग्नाचं सामान घ्यायला आल्या, तेव्हा वाचनालयात डोकावल्या. तहसीलने झेरॉक्स ठेवून घेतल्या होत्या. मोजणीचा आदेश निघाला होता आणि मोजणी होईपर्यंत प्लॉट पाडायला मनाई होती. मोजणीवाले मोहाच्या झाडापासून सुरू करणार होते. पुढे काय होईल ते पुढे.

मी त्यांना काउंटरच्या आत बोलावलं आणि पडद्यावर नवी नोंद दाखवली. जुनी चूकही दाखवली, मी तिची प्रिंट काढून ठेवली आहे. त्या अक्षर अक्षर लावून वाचतात. ‘मामाचा तलाव’ वाचून त्या थबकल्या.

“हे काहून लिवलं वो? कोन्या मामाचा?”

“चूक झाली होती, बाई. एक ‘चा’ जास्तीचा पडला.”

“त्यो प्लॉटवालाही तेच करून राहिला होता ना,” त्या म्हणाल्या. “तलावाले आपल्या नावाचा ‘चा’ लावून राहिला होता. तलाव कोना एकाचा नाही, गावाचा हाय.” मग पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “निंगाला ना आता?”

“निघाला.”

ती प्रिंट मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. निर्लेखनाची यादी आली की आधी तिच्याकडे पाहते, मग सगळी पानं वाचते, मग सही करते.