साडूंचं पोलंड

पोलंडमधल्या लोकांना पोलंडची किती माहिती असते ते मला ठाऊक नाही, पण आमच्या साडूंपेक्षा जास्त नसणार, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. राहायला बीडजवळ पालीला आणि दुकान मांजरसुंब्याला, हमरस्त्यावर. दुकानात कासरे, दावी, घुंगरमाळा आणि घोंगड्या. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे मेंढपाळ आणि शेतकरी. या माणसानं हैदराबादच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही. आणि याच माणसानं दुकानातल्या स्टुलावर बसून, अठरा वर्षं खपून, पोलिश लोकांच्या चार पिढ्यांची कादंबरी लिहिली. शंभरपानी चोवीस वह्या. मोजून चोवीस.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत. ते तरुणपणी घोंगड्या विकायला कोल्हापूरकडे जात. महायुद्धाच्या दिवसांत तिकडे पोलिश निर्वासितांची वस्ती होती, तिथल्या एका बाईनं त्यांच्याकडून एक घोंगडी घेतली. एवढीच गोष्ट. पण म्हातारबा ती जन्मभर सांगत राहिले आणि शेवटी दरवेळी म्हणत, “लई लांबून आलती बिचारी. भाव बी केला न्हाई.” बाकीचे ऐकून जांभया देत. साडूंच्या मात्र ते डोक्यातच बसलं. बाईमाणूस खरेदीला येते आणि भाव करायचं विसरते, म्हणजे तिच्यावर काय काय गुजरलं असेल? याचा तपास करता करता ते तिच्या पणज्यापर्यंत मागे गेले आणि तिकडेच राहिले.

राहिले म्हणजे खरोखरच राहिले. मे महिन्यात, दुकानाचा पत्रा तापून तवा झालेला असताना, हा गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून लिहीत बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या मेव्हणीबाई म्हणाल्या, “आवो, घाम तरी पुसा.” तर वर न बघता म्हणाले, “तिकडं बर्फ पडायलाय.” गिऱ्हाईक कासऱ्याचा भाव विचारायला आलं की साडू त्याला कादंबरीतलं पौषात निघालेलं गाव सांगून उलट विचारत, तुझ्या रानात कमरेएवढा बर्फ पडला तर मेंढरांचं काय करशील? एका धनगरानं हा प्रश्न इतका मनावर घेतला की दोन दिवसांनी तो मुद्दाम परत आला आणि म्हणाला, “आधी चारा साठवावा लागंल. न्हाईतर दसऱ्यालाच निघावं लागंल. तुमी त्यान्ला पौषात कावून काढलं?” साडूंनी दोन वह्या फाडल्या आणि अख्खं गाव दसऱ्याला हलवलं. कादंबरीतल्या लग्नात वराची आत्या मानपानावरून रुसते, तिथे मी हरकत घेतली की साडू, पोलंडमध्ये रुसवेफुगवे कुठले? ते शांतपणे म्हणाले, “मानसंच हायत ना ती? मग रुसतील.”

आता माझं पाप सांगून टाकतो. मी बीडला कोर्टात कारकून होतो, घरात दोन कपाटं पुस्तकं, म्हणून साडूंनी मोठ्या विश्वासानं चोवीस वह्या माझ्याकडे वाचायला आणून दिल्या. मी दोन वाचल्या, बाकीच्या माळ्यावर ठेवल्या आणि महिन्याभरानं परत देताना म्हणालो, “वाचली. भारी झालीय.” त्या भरवशावर त्यांनी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. वह्या परत आल्या, सोबत एक ओळ: पोलिश लोकांवरची एवढी मोठी कादंबरी मराठीत वाचणार कोण? दुसरा कुणी असता तर अंथरूण धरलं असतं. साडूंना तो अपमान वाटलाच नाही, त्यांना ती सरळ विचारपूस वाटली. “बरोबर हाय त्यांचं,” मला म्हणाले, “कोन वाचनार ते बघाय पायजे. ह्या श्रावणात मी देवळात वाचतो. शेवटपत्तुर एक जरी मानूस टिकलं, तर अठरा वर्सं कामी आली म्हनीन. न्हाई टिकलं, तर समद्या वह्या रद्दीत.” आवाज हलका होता, पण बोलता बोलता त्यांनी वह्यांच्या लाल फडक्याला दोनदा गाठ मारली. ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

पालीच्या महादेवाच्या देवळात श्रावणभर दुपारी पोथी चालते. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. त्या वर्षी नेहमीचे वाचणारे गुरुजी मुलाकडे गेलेले. साडूंनी वडीलधाऱ्यांना परवानगी विचारली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “देवाधर्माचं हाय का?” साडू म्हणाले, “मानसांचं हाय.” म्हातारा म्हणाला, “मग महादेवाला चालतंय.” झालं. रोज आधी पोथीचा अध्याय, मग लाल फडक्यातून एक वही. आणि अर्थ सांगायला कोण? ज्यानं सगळी वाचलीय तो. म्हणजे मी, रजा टाकून रोज बीडहून. मराठीचा मराठीतच अर्थ सांगायचा, पण रीत म्हणजे रीत.

दोन दिवस मी झकास निभावलं. तिसऱ्या दिवशी पुढचं काहीच ठाऊक नसताना ठोकून दिलं, की नायिकेचा, म्हणजे घोंगडी घेणाऱ्या त्या बाईचा, हान्काचा, थोरला भाऊ फितूर आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. पानभर पुढे तोच भाऊ शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलून मेला. पुढे बसलेली एक धनगराची म्हातारी मला म्हणाली, “पाव्हणं, तुमी वाचलंया का खरंच?” साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खाली मान घालून म्हणालो, “दोनच वाचल्या, साडू.” ते रागावतील तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “मग बसा. बाकीच्यासंगं तुमी बी ऐका.”

आणि काय सांगू, लोक टिकले. दहाव्या दिवशी मंडप वाढवावा लागला. हान्काचं लग्न लागलं तेव्हा बायकांनी पदरातून आणलेल्या अक्षता वहीवर टाकल्या, तिला मुलगा झाला तेव्हा एकीनं सुंठवडा वाटला. पोथीत जन्म झाला की वाटायचाच, मग तो अयोध्येत होवो नाहीतर क्राकोवला. लढाईच्या दिवशी तर मांजरसुंब्याच्या ढाब्यावरचे लोक धंदा सोडून आले होते. पोलंडचं राज्य दोघांनी वाटून घेतलं त्या संध्याकाळी पालीत निम्म्या घरी चूल पेटली नाही, असं मेव्हणीबाई सांगतात. त्यांना थोडं वाढवून सांगायची सवय आहे, पण आमच्या बीडच्या घरीही पेटली नव्हती हे खरं.

चोविसाव्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या पानावर म्हातारी झालेली हान्का जग फिरून आपल्या गावी येते. बापाच्या घरात परकी माणसं राहताहेत. ती दारात उभी राहते, आडाचं पाणी पिते आणि मागे वळते. साडूंनी वही मिटायला घेतली, तेवढ्यात ती धनगराची म्हातारी उठली. “थांबा वो,” म्हणाली, “माहेराला आलेली लेक रिकामी धाडत न्हाईत.” तिनं वही पुन्हा उघडायला लावली, पानावर हळदीकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. मग दुसरी उठली. मग तिसरी. अर्धा तास बायका रांगेनं येऊन हान्काची ओटी भरत होत्या आणि साडू दोन्ही हातांवर वही तोलून, लेकीला धरावं तसे बसले होते. शेवटी मला म्हणाले, “साडू, पुन्याला चार ओळी लिहा. म्हनावं, वाचनारे घावले.” मी तिथेच लहान पोरासारखा रडलो, सांगायला लाज कसली.

पोळ्यानंतर एकदा मांजरसुंब्याला गेलो होतो. दुकानात गर्दी, माल चांगला खपत होता, पण साडूंच्या मांडीवर वही नव्हती. चहा घेताना म्हणाले, “अठरा वर्सं रोज सकाळी हान्का कुठं असंल, काय करत असंल, म्हनून उठायचो. आता तिला समदं गाव ओळखतंय. लई चांगलं झालं. पन सकाळी उठून करावं काय, तेच कळंना झालंय.” मग त्यांनी आतून लाल फडकं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि नुसतेच हसले. तेव्हापासून मी वाचतोय, पहिल्या पानापासून, एकेक ओळ. तेविसावी वही परवा संपली. चोविसावी हातात घेतली की पानांतून तांदूळ गळतात, ते वेचून मी परत आत ठेवतो आणि वही मिटतो. शेवट मला ठाऊक आहे. पण तिला एवढ्यात दारातून परत पाठवायला माझं मन होत नाही.