मताची मुदत

वाचताना ओठ हलवायची. चहा कधी बशीत ओतायची नाही. राज्यघटनेतले केंद्राचे विषय करंगळीवर मोजायची, राज्यांचे मधल्या बोटावर, दोघांच्या वाट्याचे अंगठ्यावर. सासऱ्यांना काही सांगायचं असलं की पदर ओढून खांबाकडं बघायची आणि सासूला सांगायची. त्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे.

ही सायरबाई. हैदराबादेत कायदा शिकली. लग्न होऊन अंबडला आली तेव्हा एकच पेपर राहिला होता, राज्यघटनेचा. छप्पन्न साली तो द्यायला जायचंच, असं तिनं ठरवलं.

सासरे पुखराजजी कापसाचे व्यापारी. नाही म्हणायचं असलं की ते गप्प बसत. ते गप्प बसले म्हणजे सौदा मोडला, हे बाजारात गाडीवानसुद्धा ओळखून होते. सायरबाईनं सासूच्या, लाडबाईंच्या तोंडून विचारलं: परीक्षेला जायचंय, तुमचं मत सोमवारपर्यंत सांगा. ते गप्प. नवरा नवलकिशोर खाली मान घालून जेवत राहिला.

हैदराबाद राज्याचे तुकडे पडणार, ही तेव्हा घरोघरची बोलणी. शेजारची उषा मराठी घेऊन नुकतीच बी.ए. झालेली. तिला सायरबाईनं एकदा समजावलं होतं. राज्याचे तुकडे करायचे तर राष्ट्रपती त्या राज्याचं मत मागवतात, मुदत घालून देतात. मत आलं तर संसद ऐकते. मानायचं का, ते तिचं ती ठरवते. राज्यानं गप्प बसून काही अडत नाही.

उषाला ते पुस्तकातलं वाटलं होतं.

मंगळवारी सायरबाई आणि उषा मुगाचे पापड लाटत होत्या. लाडबाई लाट्या करून देत होत्या. पुखराजजी दुकानाला निघाले. सायरबाई उठली आणि थेट त्यांच्याकडं बघून बोलली.

"बाबूजी, सोमवार गेला. मी आज निघून राह्यले."

पुखराजजींचा एक पाय जोड्यात, एक बाहेर.

"नवलची माय, सुनेला सांगा, मी हो म्हणलो न्हाई."

"मत मागितलं होतं, बाबूजी. परवानगी न्हाई."

ते बायकोकडं बघत राहिले. लाडबाईंनी हातातली लाटी खाली ठेवली.

"माझ्याकडं काय बघता? हप्ताभर तोंड होतं की तुम्हाला."

सायरबाईनं हात धुतले. पेटी आधीच भरलेली होती. हैदराबादची रेल्वे जालन्याहून; तिथं जाणाऱ्या मोटारीला अजून वेळ होता, तरी ती निघाली. उषा लाटणं धरून बसून राहिली. समोरच्या पोळपाटावर सायरबाईचा पापड अर्धाच लाटलेला, एका अंगाला जाड.