हरलेल्याने बोर्ड पुसायचा

अण्णांचं मधलं बोट कधी गप्प बसलं नाही. बोलता बोलता ते अंगठ्याला टेकवायचे आणि टिचकी मारायचे. गॅलरीच्या कठड्यावर, चहाच्या कपावर, डॉक्टरांच्या टेबलावर, कुठेही. समोर कॅरमची सोंगटी नसली तरी त्यांना ती दिसत असावी, कारण टिचकीनंतर ते डोळे बारीक करून लांब बघत आणि मग मान हलवत. सोंगटी गेली की राहिली, ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

"चल, लाव बोर्ड," हे त्यांचं वाक्य. "कसे आहात?" याचं उत्तर तेच आणि "जेवलात का?" याचंही तेच. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा हेच सांगितलं आणि तो बिचारा खरंच खेळायला बसला. त्या महिन्यात आमच्या मजल्याचे मीटर बघायचे राहूनच गेले.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत बसून राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तोटा नाही. अण्णांना मात्र बसणं जमायचं नाही. स्टेशनजवळच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर उभं राहून काढलेला. बायको गेली, मुलगा खारघरला. सकाळपासून यांच्या गॅलरीत येरझाऱ्या. चहा अर्धा प्यायचे, पेपर अर्धा वाचायचे, माझं बोलणंही अर्धंच ऐकायचे. मी शेजारच्या खोलीत. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून मलाही उगाच वाटायचं, आपल्याला कुठेतरी जायचंय आणि आपण विसरलोय.

तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. तिथे एका स्टुलावर कॅरम आणि वर लोंबणारा दिवा. अण्णा टेकत ते तेवढे तिथेच. पण तिथेही बोर्डाखाली उजवा पाय चालूच. पायाने स्टूल हलायचं, स्टुलाने बोर्ड.

अशात परळच्या एका कॉलेजने ज्येष्ठांशी मैत्री करायचा उपक्रम काढला. दर शनिवारी चार वाजता मुलं चाळीत येणार आणि एकेका म्हाताऱ्याशी मैत्री करणार. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मैत्री हा काय पोलिओचा डोस आहे, वार ठरवून घरोघरी पाजायला?

अण्णांच्या वाट्याला रिद्धी आली. कफ परेडच्या मच्छीमार नगरमधली, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मंडळाच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने फार गोड आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्हाला एकटं वाटतं का हो?"

अण्णांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आजोबा घराकडे. हय फक्त भिडू. खेळूक येता?"

"येतं."

"मग लाव बोर्ड."

आणि तिला खरंच येत होतं. घरी भावांशी भांडून भांडून शिकली होती. त्या दिवशी हरली, पण अण्णांना घाम फोडून. आमच्या खोलीचा एक जुना नियम आहे: हरलेल्याने बोर्ड पुसायचा. पिवळं फडकं घेऊन सगळी पावडर झटकायची आणि सोंगट्या डब्यात भरायच्या. गाल फुगवून तिने बोर्ड पुसला आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी बघते तुम्हाला, भिडू." मंगळवारीच आली.

उपक्रम संपला, ही येतच राहिली. वर्गातली दोन-तीन पोरंही तिच्यामागून यायला लागली. शनिवार दुपारपासून त्या खोलीत असा आरडाओरडा चाले की तीन मजले वरून बायका खाली वाकून बघत.

"भिडू, पाय हलवू नका. बोर्ड हलतोय."

"पाय माझो, बोर्ड मंडळाचो. तुझा काय जाता?"

तिने पहिल्यांदा हरवलं तेव्हा अण्णांनी फडकं खांद्यावर टाकून चाळभर सांगितलं, "पोरीन माका हरवल्यान!" इतका आनंद त्यांना नातू झाला तेव्हाही झाला नसेल, आणि पेढे मी तेव्हाही खाल्ले होते. एका पेपरात ती नापास झाली, ते घरी सांगायच्या आधी तिने अण्णांना सांगितलं. "नापासांका काय फाशी देतत? लाव बोर्ड," एवढंच ते म्हणाले. ती गेल्यावर माझ्या दारात हजर. "रे, अकाउंट शिकवणारो कोण बरो मास्तर आसा काय तुझ्या बघण्यात?"

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी कप वाजायचा, मग स्ट्रायकर निसटायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे थांबणार नाही, वाढणार, असंही सांगितलं. अण्णांनी त्यांच्या टेबलावर टिचकी मारली आणि उठले.

आणि गंमत बघा, हात थरथरायला लागल्यापासून अण्णा जिंकायला लागले. पोरांचे नेम चुकू लागले. एकाचा स्ट्रायकर पॉकेटमध्ये, दुसऱ्याची सोंगटी कडेला. मला सगळं दिसत होतं आणि खरं सांगतो, आवडत होतं. पोरं किती समंजस, असं मी बायकोला सांगितलंही. अण्णांच्या येरझाऱ्या मात्र वाढल्या. जिंकलेला माणूस असा पिंजऱ्यात असल्यासारखा फिरतो का, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

एका शनिवारी रिद्धीने राणी घेतली. ती पक्की करायला कव्हरची एकच पांढरी हवी होती आणि ती पॉकेटच्या तोंडाशी बसली होती, फुंकर मारली तरी पडेल अशी. रिद्धीने नेम धरला आणि चुकवला. मग फडकं आधीच हातात घेऊन हसत म्हणाली, "जिंकलात भिडू. पुसते मी."

अण्णांचा पाय थांबला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच थांबलेला पाहिला. त्यांनी स्ट्रायकर उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला.

"तू माका म्हातारो केलंस गो," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

त्यानंतर खोलीला कुलूप, किल्ली अण्णांकडे. शनिवारी पोरं यायची, कुलूप बघून परत जायची. वर अण्णा येरझाऱ्या घालत राहायचे, पण कठड्यापाशी येऊन खाली बघायचे नाहीत. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "चाळ सगळी माका सांभाळता. सुनेचो फोन, तुझी बायको, डॉक्टर. एक ती भांडत होती. आता तीव सांभाळूक लागली."

रिद्धी माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. "काका, मी वाईट केलं का? हात बघवत नाही हो त्यांचा. कशी जिंकू मी?" मी तिला पाणी दिलं.

पुढच्या शनिवारी तिने माझ्याकडची दुसरी किल्ली मागून घेतली. खोली उघडली, दिवा लावला, पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या आणि वर येऊन अण्णांच्या दारात उभी राहिली.

"लावलाय बोर्ड."

आतून आवाज आला, "कशी खेळतलंस?"

"पाय हलला तर ओरडणार. हात हलला तर थांबणार नाही."

अण्णा स्ट्रायकर घेऊन, चप्पल न घालताच खाली उतरले.

तो खेळ तुम्ही बघायला हवा होता. पोरीने एक सोंगटी सोडली नाही. कान लाल झालेले, डोळे भरलेले, पण नेम अचूक. अण्णांच्या कशाबशा एक-दोन गेल्या. दारात जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, "काय बाई ही पोर, आजारी माणसावर जरा तरी दया कर." अण्णा गर्रकन वळले. "गप ऱ्हवा! खेळ चाललो हा." रिद्धीने राणी घेतली, कव्हर दिलं आणि संपवलं.

मग अण्णांनी फडकं घेतलं. हात इतका थरथरत होता की पावडरीत नागमोडी रेघा उमटत होत्या. फार वेळ लागला. कोणी पुढे झालं नाही. रिद्धीने मदतीला जाऊ नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. शेवटची सोंगटी डब्यात पडली तेव्हा अण्णांनी कपाळ पुसलं. कपाळाला पावडर लागली.

"आता बरा वाटला," ते म्हणाले.

पुढे ते दर शनिवारी हरले आणि पोरांवर मजेत खेकसत राहिले. जिना उतरवेना झाला तेव्हा पोरांनी बोर्ड वर नेला. बसवेना झालं तेव्हा रिद्धी नुसती खाटेशी बसून भांडायची. दिवाळीआधी अण्णा गेले. त्या सकाळी मी त्यांच्या उशाशी होतो. थरथर थांबली होती आणि ते बोटही.

नंतरच्या शनिवारी खालून आवाज आला म्हणून गेलो. रिद्धी एकटी बसली होती, बोर्ड मांडलेला. मला घरात बसवत नव्हतं, तिथेही बसवेना, तरी मी समोरच्या खुर्चीत टेकलो. तिने स्ट्रायकर मारून मधल्या सोंगट्या फोडल्या. दोन-तीन सोंगट्या गेल्यावर तिचा हात मध्येच थांबला. बोर्ड हलत होता. माझ्या लक्षात आलं, बोर्डाखाली माझा पाय चालू होता.

"सॉरी," म्हणत मी गुडघा धरला.

"नको," ती बोर्डावरची नजर न काढता म्हणाली. "हलू दे, भिडू."

मग तिने मला हरवलं. एकही सोंगटी सोडली नाही. मी खिळ्यावरचं पिवळं फडकं काढलं आणि बोर्ड पुसायला घेतला.