टॅबांचं गाऱ्हाणं

माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला. भर समुद्रात असला की त्याचा पत्ता नसतो. जहाज बंदराला लागलं की मात्र आईच्या लॅपटॉपवर दिसतो, समोर बसल्यासारखा बोलतो. त्या रविवारी तिन्हीसांजेला तो दिसणार होता आणि नेमका ब्राउझर सारखा बंद पडत होता. जरा चालला की पडदा पांढरा. मागच्या खेपेला तर भाऊ नुसता ‘आई’ म्हणाला आणि गेला. आई त्या पांढऱ्या पडद्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिली होती म्हणे. म्हणून मला बोरिवलीहून विक्रोळीला बोलावणं. एरवी ही बाई ‘पोचलीस का’ म्हणून मला एक फोन करेल तर शपथ!

“लेकासाठी बरी माझी आठवण येते,” चपला काढता काढताच मी म्हटलं.

“बडबडू नको. आधी चाय घे.”

दुपार कलत आली होती. खाडीकडचा वारा पडद्यात शिरत होता, पंखा आपल्याच नादात फिरत होता, सगळ्या खोलीला पेंग आली होती. मी ब्राउझर अपडेट केला, कॅशे साफ केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. छे! परत पांढरा. मग लक्ष वर गेलं. टॅब इतके, की तांदळाच्या दाण्याएवढे बारीक झालेले. उजवीकडून एकेक उघडत गेले. प्रत्येकात तोच निळा नकाशा आणि निळ्यावर एक ठिपका. भावाचं जहाज. पहिल्या नोकरीपासूनचं त्याचं प्रत्येक जहाज तिथे होतं. बघता बघता मला वाटायला लागलं, आईची खोलीच पाण्यावर आहे, आणि ती सगळी जहाजं पलंगाखालून, कपाटाच्या कडेने, आवाज न करता चालली आहेत. चहा गार झाला.

“आई गं, वाट लावलीस! हे सगळे नकाशे एकदम चालतात. एवढ्याशा मशीनचा जीव तो केवढा? बंद का नाही करत?”

“माणूस घराभायर पडलो की पाठोपाठ दार लावचा नाय. म्हायत नाय तुका?”

“अगं, तो कितीदा घरी येऊन गेला!”

“इलो तसो परत गेलो मा?”

आता हिच्यापुढे काय डोकं फोडायचं! पण खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. “तो दिसायला हवा ना तुला?” मी विचारलं, तर तिचे डोळेच भरले. म्हटलं, “मग देवाला सांगून लावूया दारं. तू गाऱ्हाणं घाल, गावी देवापुढे घालतात तसं.”

हे मात्र तिला पटलं. तिने लॅपटॉपपुढे नारळ ठेवला, डोक्यावर पदर घेतला.

“बा देवा म्हाराजा, ह्या जहाजार माझो झील गेललो, तेका सुखरूप हाडलंस म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आणि मी फुलीवर टिचकी मारली.

आधी मला हसू आवरेना. मग तिच्या आवाजाची लय लागली आणि हसू कधी गेलं ते कळलंच नाही. एकेक समुद्र मिटत गेला. आत्ताचं जहाज ठेवलं, बाकी सगळी गेली.

आणि अगदी डावीकडे एक टॅब उरला. त्यात समुद्र नव्हता. विक्रोळीहून निघालेली एक रेघ, पवईच्या तलावावरून पुढे, थेट बोरिवलीला माझ्या दारात. लग्न करून मी निघाले त्या दिवशी तिने भावाकडून तो रस्ता काढून घेतला होता. मला पत्ताच नव्हता.

“ह्याला गाऱ्हाणं?” मी विचारलं.

“ह्या ऱ्हवांदे,” ती म्हणाली आणि देवाजवळ दिवा लावायला उठली.

भाऊ आला तो स्वच्छ दिसला, एकदाही अडकला नाही. जेवलास काय, वाळलास किती, दाढी का वाढवलीस, आईने पोट भरेपर्यंत विचारून घेतलं.

मी निघाले तेव्हा ती नेहमीसारखी उंबऱ्यात उभी होती. जिना उतरले, फाटकाशी आले, वर पाहिलं. दारातला उजेड अजून गॅलरीत पडलेला.

“लाव गं आता दार!” मी खालून ओरडले.

“तू आधी पोच,” वरून आवाज आला.