कुसुमचा लॅपटॉप मी घासला तेव्हा

लॅपटॉपच्या आतलं तांबं मी एकदा चिंच-मीठ लावून घासलं होतं. हसा, खुशाल हसा. पन्नाशीतली ती बाई, म्हणजे मीच, स्वतःला फार कामसू समजायची. काही काळवंडलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. नातवंडांना मी तिच्या नकला करून दाखवते. ही एक मात्र कधी केली नाही...

माझी धाकटी नणंद कुसुम जाऊन महिना झाला. रहाटणीला ती आमच्यातच राहायची. चाकणच्या एका कंपनीत ड्रॉइंग करायची. मोटारीचा दरवाजा वेल्डिंग करताना हलू नये म्हणून लागणाऱ्या लोखंडी चौकटींची. कंपनीनं तो विभागच बंद केला. वर्षभर दारोदार फिरल्यावर महाळुंग्याच्या एका वर्कशॉपनं बोलावलं. स्वतःचा लॅपटॉप आणा, आखलेली चौकट पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवा, पसंत पडली तर घरबसल्या काम देऊ. तेवढं एकच बोलावणं. पण तिच्या जुन्या लॅपटॉपवर चौकट फिरवायला गेलं की पडदा गोठायचा, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. तिनं त्यात बसेल असा वापरलेला, पण वेगवान प्रोसेसर शोधून आणला आणि आदल्या दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"वहिनी, शिंकूसुद्धा नका हं," म्हणाली. प्रोसेसर बसवला, तेवढ्यात फोन आला म्हणून गॅलरीत गेली. प्रोसेसर थंड ठेवणारी, पंख्याला जोडलेली तांब्याची नळी बाजूला काढून ठेवली होती. मला ती काळीकुट्ट दिसली... कुसुम परत येईपर्यंत मी ती घासून, धुऊन, पदरानं पुसूनही ठेवली.

"अहो, हे काय केलंत?"

"देवाच्या भांड्यांसारखं लख्ख केलं. उपकार मान माझे!"

ती हसली. घाईत होती, वरून कोरडं दिसलं, तिनं बसवून टाकलं. पंख्याच्या आत पाणी राहिलं होतं. बटण दाबलं, पडदा उजळला, चौकट झरकन फिरली. "वहिनी, बघा, बघा कशी फिरतेय!" ...आणि चट् आवाज, जळका वास, पडदा काळा. ती बटण दाबतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कागदावरची ड्रॉइंग घेऊन गेली. परतल्यावर "त्यांनी उलगडलीच नाहीत," एवढंच बोलली. घरात सगळ्यांना तिनं सांगितलं, "माझ्याच हातून बिघडला." आणि मी, एवढी तोंडाळ बाई, गप्प बसले! पुढे ती एका कारखान्यात तपासणीला लागली. शिफ्टभर उभं राहून दुसऱ्यांनी आखलेले भाग मोजायची. स्वतः पुन्हा एक रेघ ओढली नाही तिनं.

दवाखान्यात, डॉक्टरांनी हात टेकल्यावर, मी तिच्या पलंगाशी बसून रडत म्हटलं, "कुसुम, तुझं आयुष्य मी वाया घालवलं गं. एकदा तरी म्हण, वहिनी, तुमची चूक नव्हती."

ती म्हणाली, "ते नाही म्हणणार मी. पण आता इथून उठू नका, वहिनी. मला फार भीती वाटतेय."